घोड्यावरचा दुसरा स्वार

उद्धव गावंडे आळशी मास्तर असता तर हे काहीच झालं नसतं. आळशी मास्तरांना आपल्याकडे काय तोटा! घंटा झाली की खडू ठेवायचा आणि स्टाफरूममध्ये चहाची वाट बघत बसायचं. त्यांच्या हातून कोणाचं वाईट होत नाही, कारण त्यांच्या हातून काही होतच नाही. उद्धवचं तसं नव्हतं. हाती घेतलेलं काम शेवटच्या रेघेपर्यंत नेल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. खोड तशी चांगलीच म्हणायची. पण तीच त्याला नडली, आणि अशी नडली की आजही तो त्याबद्दल घरात बोलत नाही.

मूळचा तो बाळापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. शेजारी सुताराचं घर होतं. तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात ते लाकडी नंदी तिथं तयार व्हायचे आणि शाळा सुटली की उद्धव तिथंच पडलेला असायचा. पटाशी कशी धरायची, मोगरीचा ठोका किती हलका द्यायचा, हे तो तिथं शिकला. पुढं चित्रकलेचा मास्तर होऊन अमरावतीच्या एका निवासी शाळेत लागला, बायको वच्छलासह शाळेच्या मागच्याच गल्लीत राहिला आणि चोवीस वर्षं त्यानं तिथंच काढली.

त्या शाळेत सरकारी योजनेतून मेळघाटातली कोरकू पोरं येत. यंदा बावीस होती. शाळा उघडली की परतवाड्याहून येणाऱ्या बसमधून ती उतरायची, हातात पेटी, डोळे जमिनीकडे. पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं जाई, इथं कोरकू बोलायचं नाही. का, तर म्हणे त्यानं इंग्रजी बिघडतं. उद्धवच्या डोक्यात तिडीक जायची. ज्या पोराला आईची बोली बोलू देत नाही, ते पोर तुमच्या इंग्रजीत काय कप्पाळ बोलणार? त्यानं चित्रकलेच्या खोलीतली एक अख्खी भिंत या पोरांना देऊन टाकली. तिथं आपल्या भाषेतला शब्द लिहायचा आणि शेजारी चित्र काढायचं. डा म्हणजे पाणी. सिता म्हणजे कुत्रा. जोम म्हणजे खा, जेव. शहरातली पोरं आधी खिदळली, मग तीही पाण्याला डा म्हणायला लागली. उद्धव स्वतः रोज एक शब्द पाठ करायचा आणि चुकीचा उच्चारायचा, आणि तो चुकला की ही बावीस पोरं पोट धरून हसायची. सगळ्या शाळेत त्यांना हसायला तेवढी एकच जागा होती.

त्यातली पायल कासदेकर त्याच्या विशेष जिव्हाळ्याची. नववीत होती. हात असा की एका रेघेत हरीण उभं करायची. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. दोन वर्षांपूर्वी मोठा भाऊ धर्मेंद्र सिपना नदीच्या पुरात वाहून गेला. आता घरात बाप आणि ती, बस. पायल जेवायला बसली की पहिला घास ताटाबाहेर ठेवायची आणि ओठांतल्या ओठांत म्हणायची, "धर्मेंद्र, जोम." जेवणघर सांभाळणाऱ्या गंगूबाईचा आधी या सांडलवंडीवरून पारा चढायचा. झाडू घेऊन ती मागेच उभी असायची. उद्धवनं तिला बाजूला घेऊन सांगितलं की पोरगी भावाला जेवू घालते, ती उठून जाईपर्यंत तिथं झाडू लावायचा नाही. गंगूबाईचा स्वतःचा एक मुलगा गेलेला. तिनं पदर डोळ्याला लावला आणि पुन्हा कधी काही म्हटलं नाही.

जुलैत मुख्याध्यापिका चारुशीला मॅडमनी सांगितलं की नऊ ऑगस्टला आदिवासी दिन आहे, पाहुणे येणार आहेत, हॉलमध्ये आदिवासी संस्कृतीचा कोपरा करायचा. दरवर्षी व्हायचं तेच त्यांच्या मनात होतं. पुठ्ठ्याची झोपडी, तोंडाला काळा-पांढरा रंग आणि डोक्याला कोंबड्याची पिसं. उद्धवनं तिथल्या तिथं सुनावलं. कोरकूनं कधी पिसं बांधली होती हो? कोणत्या सिनेमात पाहिली? ही पोरं आपल्या घरी असली नाटकं करतात काय? मॅडम बाई सज्जन होत्या, ओशाळल्या. म्हणाल्या, मग तुम्हीच काहीतरी खरं करा.

खरं करा! तिथंच सगळं आलं.

उद्धव दोन वर्षांपूर्वी धर्मेंद्र गेल्यावर पायलच्या गावी जाऊन आला होता. चिखलदऱ्याच्या पलीकडे, उतारावरचं गाव. गावाबाहेर एका जुन्या मोहाच्या झाडाखाली त्यानं सागवानी खांब उभे पाहिले होते, पुरुषाच्या छातीइतके उंच. अशा खांबाला मुंडा म्हणतात. माणूस गेला की कधी ना कधी घरचे त्याच्या नावाचा मुंडा कोरून घेतात आणि सिडोलीचा विधी करून तिथं रोवतात. तेव्हा तो आपल्या वाडवडिलांत जाऊन बसतो. तोवर तो वाटेवरच. खांबावर वर सूर्य आणि चंद्र, खाली घोडा, घोड्यावर गेलेला माणूस. उद्धवनं त्या दिवशी वहीत सगळं उतरवून घेतलं होतं. ते काम पाहून त्याला आपल्या गावच्या सुताराची आठवण झाली होती आणि डोळे भरून आले होते. आपल्या पोरांची ही कारागिरी शहरानं मान वर करून पाहावी, असं त्याला मनापासून वाटलं. त्यात खोट नव्हती.

जुन्या लाकडांच्या वखारीतून त्यानं सागवानाचा ओंडका आणला आणि चित्रकलेच्या खोलीत रोज दुपारी कोरायला बसला. पहिले आठ दिवस पोरं भोवती गोळा व्हायची. घोड्याची मान अशी नाही सर, अशी. चंद्र डाव्या हाताला. उद्धव पुसायचा, पुन्हा आखायचा. त्याला सगळं हुबेहूब पाहिजे होतं. जसजसं ते हुबेहूब व्हायला लागलं, तसतशी पोरं कमी यायला लागली. त्यानं ते पाहिलं, पण परीक्षा आहे, अभ्यास असेल, अशी मनाची समजूत घातली. शेवटी शेवटी पायल एकटीच दारात उभी राहून बघायची, आत यायची नाही.

खांबावर नाव लागतं, हे त्याला माहीत होतं. त्यानं तिलाच विचारलं, कोणाचं घालू? कोणाचं तरी खरं नाव सांग. ती दारातूनच खांबाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "धर्मेंद्रचं घाला. त्याचा अजून झाला नाही. तो वाट पाहून राहिला." उद्धवला भरून आलं. पोरीनं आपल्याला एवढं जवळचं मानलं, असं त्याला वाटलं. त्यानं नाव कोरलं.

आणि मग त्याच्यातला चित्रकलेचा मास्तर जागा झाला. घोड्याच्या पाठीवर स्वाराच्या मागं जागा मोकळी राहिली होती. चोवीस वर्षं तो पोरांना शिकवत आला होता की रिकामी जागा डोळ्यात खुपते, चित्र एका बाजूला कलतं. त्यानं पटाशी घेतली आणि तिथं दुसरा माणूस कोरला. पहिल्याच्या कमरेला धरून बसलेला. नाव नाही, गाव नाही. तासाभराचं काम. दुरून पाहिलं, चित्र नीट तोलून बसलं होतं, आणि तो खुशीत घरी गेला.

नऊ ऑगस्टला पाहुण्यांनी वाहवा केली. फोटो निघाले. मॅडमनी माइकवरून उद्धवचं नाव घेतलं. पायल नाचात सगळ्यांच्या पुढं होती. हातात हात गुंफलेली मुलींची रांग हॉलच्या कोपऱ्याशी आली, पायलनं खांबाकडे पाहिलं आणि तिचे पाय थांबले. मागच्या मुली तिच्यावर आदळल्या. पाहुण्यांना तो नाचाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर ती त्याच्यापाशी आली. तिनं हळूच विचारलं, "सर, मागं कोण बसला?"

उद्धव हसला. म्हणाला, अगं कोणी नाही, जागा रिकामी दिसत होती म्हणून बसवला. पायल हसली नाही. मान हलवून निघून गेली. त्या हसण्याची त्याला पुढं इतकी लाज वाटली की आठवलं तरी तो एकटाच जीभ चावायचा.

दुसऱ्या दिवसापासून बावीस पोरांनी हॉलमधून जाणं सोडलं. वसतिगृहातून जेवणघरात जायची सरळ वाट हॉलमधून होती. पोरं मागून वळसा घालून, घोटाभर चिखलातून जायला लागली. कोणी रागावलं तर खाली मान घालून ऐकायची आणि पुन्हा चिखलातूनच जायची. चित्रकलेच्या खोलीतल्या भिंतीवर नवा शब्द चढेनासा झाला. उद्धव मुद्दाम चुकीचं बोलून पाही. कोणी हसत नसे.

पायलनं तर जेवणच टाकलं. एक घास बाजूला ठेवायची, तिथं सगळंच ताट बाजूला सारायची. गंगूबाईनं चार दिवस वाट पाहिली आणि मग उद्धवला घरी गाठून सांगितलं की पोरगी पाण्यावर आहे. ताप भरला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मलेरिया नाही, टायफॉइड नाही. सलाईन लावलं की उतरायचा, काढलं की चढायचा. आठ दिवसांत तिच्या मनगटाचं हाड दिसायला लागलं. काहीतरी आपल्याच हातून झालंय, हे उद्धवला कळत होतं. काय झालंय ते कळत नव्हतं.

तो आजारी मुलींच्या खोलीत तिच्या खाटेशी जाऊन बसला आणि तिला विचारत राहिला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मग तिनं तुटक तुटक सांगितलं ते असं. घोड्यावर रिकामा माणूस नसतो. एका खांबावर दोघं असले तर एका घरचे दोघं गेलेले असतात. धर्मेंद्रच्या मागं घरचंच कोणी बसणार. आणि घरात तर दोघंच होते.

"बा बसला तर मी कोणापाशी राहू?" ती म्हणाली. "त्याच्यापरीस मीच बसतो. मले धर्मेंद्र धरून नेईल, मले भेव नाही."

चौदा वर्षांची पोर बापाला वाचवायला उपाशी राहिली होती, आणि ते कशापायी, तर उद्धवच्या डोळ्यात रिकामी जागा खुपली म्हणून. त्यानं तिला समजावलं, रागावला, हात जोडले. असं काही नसतं गं, लाकूड आहे ते, मी कोरलंय, माझ्याच हातानं. ती शांतपणे ऐकत होती, लहान पोराचं बोलणं ऐकावं तशी. तो तडक उठला, पटाशी घेऊन हॉलमध्ये गेला. तो दुसरा माणूस छिलूनच टाकायचा, चुकलेलं चित्र खोडतात तसा. त्यानं पटाशी त्या कोरीव मानेवर टेकवली. मानच का, असं त्याचं त्याला वाटलं. मोगरी काही उचलेना. नास्तिक नव्हता तो, पण भोळाही नव्हता. तरी पटाशी तिथंच टाकून तो बाहेर आला आणि त्यानं पायलच्या बापाला फोन लावला.

मोतीलाल कासदेकर दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं आला. आधी पोरीपाशी गेला, तिच्या कपाळावर हात ठेवला. मग हॉलमध्ये आला. चपला बाहेर काढल्या. खांबाभोवती एक फेरी मारली, पोराच्या नावावरून बोट फिरवलं. काम चांगलं झालंय, असं म्हणाला. उद्धवला ते शिवीपेक्षा जड गेलं.

मोतीलालनं विचारलं, कोणत्या झाडाचं लाकूड? झाडाले इचारलं होतं काय? कोणत्या वारी तोडलं? उद्धवनं वखारीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, मी हा खांब फोडून टाकतो, नदीत सोडतो, तुम्ही म्हणाल ते करतो. मोतीलालनं नाही म्हटलं. नाव लागलं, आता फोडता येत नाही. इथं ठेवताही येत नाही. गावी न्यायचा, सिडोली करायची, रोवायचा. आणि रोवायच्या आधी भुमका, म्हणजे गावाचा पुजारी, दोघांचीही नावं विचारणार.

उद्धवला एक वाट दिसली. तो घाईघाईनं म्हणाला, मग माझ्या वडिलांचं नाव सांगू. ते गेलेत, दहा वर्षं झाली.

"तुमच्या बाचं तुमी सारं केलं ना, गुरुजी?" मोतीलाल म्हणाला. "तो पोचला. पोचलेल्याले परत घोड्यावर बसवता येत नाही. ह्या जागेवर जो बसन तो अजून निघाचाच हाय."

चारुशीला मॅडमनी जीपची सोय करून दिली. त्यांच्याही कानावर आलं होतं की गावोगावी फोन गेलेत, आईबाप पोरांना न्यायला निघायच्या बेतात आहेत. पायलला काही झालं असतं तर एकही पोर शाळेत राहिलं नसतं, आणि पुढं कोणी पाठवलंही नसतं. पण खरं सांगायचं तर उद्धवला तेव्हा शाळेचं काही सुचत नव्हतं. मागच्या सीटवर पायल बापाच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, आणि दोघांच्या पायाशी चादरीत गुंडाळलेला खांब आडवा होता. घाटात धुकं इतकं होतं की ड्रायव्हरनं दिवसाढवळ्या दिवे लावले. प्रत्येक वळणाला खांब घरंगळत उद्धवच्या सीटला मागून लागायचा. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

घरून निघताना त्यानं वच्छलाला एवढंच सांगितलं होतं की पोरीला पोचवून येतो. ती म्हणाली होती, लवकर या, येताना परतवाड्याची रबडी आणा.

दोन दिवसांनी, दुपारी, मोहाच्या झाडाखाली गाव जमलं. ढोल हळूहळू वाजत होता. खड्डा तयार होता. खांबाला हळद लावली होती. पायलला घोंगडीत गुंडाळून बापाजवळ बसवलं होतं, तिला धड बसवतही नव्हतं. भुमका म्हातारा, डोळ्यात फूल पडलेलं. त्यानं पहिल्या स्वारावर हात ठेवला आणि नाव विचारलं. मोतीलालनं सांगितलं, धर्मेंद्र. गावानं ते नाव पुन्हा उच्चारलं.

मग भुमक्याचा हात मागं सरकला. हा कोण?

ढोल थांबला. भुमक्यानं पुन्हा विचारलं. उद्धवनं पाहिलं, मोतीलालचे ओठ हलले. आणि त्याच वेळी पायलनं बापाच्या तोंडावर हात ठेवला आणि स्वतः उठायचा प्रयत्न केला. तिला घाई झाली होती. बापाच्या आधी आपण बोलावं म्हणून ती पोर धडपडत होती, आणि घोंगडीत तिचे पाय अडकत होते.

"उद्धव," उद्धव म्हणाला.

भुमक्यानं मान वळवली. ज्या डोळ्यानं दिसत होतं त्या डोळ्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "समजून बोलले काय, गुरुजी?"

"समजून बोललो. मीच कोरलाय तो. मी बसतो."

खरं तर आपण काय बोललो हे त्याला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. पोरीनं आधी बोलू नये, एवढंच त्याला कळलं होतं. पण गावानं त्याचं नाव घेतलं, एकदम, एका आवाजात, जसं धर्मेंद्रचं घेतलं होतं. आपलं नाव असं कोणी घेतलेलं त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं. खांब खड्ड्यात उतरला. बायकांनी माती लोटली. मोतीलाल उद्धवच्या पायाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला. पायलकडे त्यानं पाहिलं तर ती रडत होती, गाल फुगवून, लहान पोरासारखी. संध्याकाळी तिनं कुटकीचा भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी ताप नव्हता.

उद्धव अमरावतीला परत आला. रबडी आणायला विसरला, त्यावरून वच्छलाचं थोडं ऐकून घेतलं. बाकी काही सांगितलं नाही. काय सांगणार? मनाला तो रोज बजावायचा, पोरीच्या मनातली भीती होती, एक नाव मिळालं, भीती गेली. मानसशास्त्रात असं असतं. पायऱ्या चढताना छातीत जरा भरून येई, पण ते वयानं. बावन्न म्हणजे काही कमी नाही. एकदा वर्गात फळ्यावर घोडा काढायची वेळ आली, तर त्यानं बैल काढला.

पंधरा दिवसांनी पायल परतली. कोणी पोर घरी गेलं नव्हतं, बावीसच्या बावीस होती. चारुशीला मॅडमचा जीव भांड्यात पडला. पोरं पुन्हा हॉलमधून धावत जेवायला जायला लागली. उद्धवशी मात्र ती आता निराळीच वागायची. तो आला की बोलणं थांबवून उभी राहायची. त्याचा उच्चार चुकला तरी हसायची नाहीत, हळूच बरोबर करून द्यायची. त्याला कुठं एकट्याला जाऊ द्यायची नाहीत, फाटकापर्यंत कोणी ना कोणी सोबत यायचं. उद्धवला आधी ते गोड वाटलं.

मग एक दिवस, पायल नीट जेवते का हे बघायला तो जेवणघरात गेला. मागच्या दारानं, तिला कळू न देता. पोरं रांगेत बसली होती. पायलनं वरणभात कालवला, पहिला घास ताटाबाहेर ठेवला.

"धर्मेंद्र, जोम."

मग दुसरा घास घेतला आणि तो पहिल्याच्या शेजारी ठेवला.

"उद्धव सर, जोम."

तिच्या बाजूच्या मुलीनंही एक घास बाहेर ठेवला. तिच्या बाजूच्या मुलानंही. रांगेच्या शेवटपर्यंत बावीस ताटांशी एकेक घास पडला आणि बावीस तोंडांतून त्याचं नाव हळूच निघालं, मायेनं, जराही न घाबरता. मग सगळी जेवायला लागली. उद्धव तिच्या मागं तीन हातांवर उभा होता. त्याला हाक मारायची होती, अरे मी आहे इथं, जिवंत आहे. तो मागच्या दाराआड सरकला.

पोरं ताटं घेऊन उठून गेली. गंगूबाई झाडू घेऊन आली आणि रांगेकडे पाहत थबकली.

"सर, धर्मेंद्रचा घास मले मालूम हाय," ती म्हणाली. "हे बाकीचे कोणासाठी?"

"राहू द्या, गंगूबाई," उद्धव म्हणाला. "इतक्यात झाडू नका."

तो बाहेर आला. घरी जायची सरळ वाट हॉलमधून होती. दार उघडं होतं, कोपरा रिकामा होता, खांब उभा होता तिथं फरशीवर फक्त एक गोल डाग राहिला होता. उद्धव उंबऱ्याशी थांबला. मग त्यानं चपला हातात घेतल्या आणि मागून वळसा घालून, चिखलातून, घराकडे निघाला.